छतासाठी ठेवलेला फोम

व्हॅनच्या दोन्ही बाजू फवारून झाल्या होत्या. मागचं दार झालं होतं. फक्त छत बाकी होतं, आणि छतापुरतं केमिकल ड्रममध्ये शिल्लक होतं. अशा वेळी भर दुपारी नामदेव मिस्त्री वर्कशॉपच्या रांजणापाशी पाणी प्यायला गेला आणि तिथंच कोसळला. रशीदभाईंनी आणि मी त्याला उचलून सावलीत आणलं. सरकारी दवाखाना जवळ होता. डॉक्टर स्वतः चालत आले. नाडी पाहिली, छातीला नळी लावली, आणि हार्ट थांबलंय म्हणाले. उन्हानं की आतल्या कुठल्या दुखण्यानं, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

हे मंगरुळपीरचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. मी मुंबईच्या एका इन्सुलेशन कंपनीत टेक्निशियन होतो. तिथल्या एका दूध संघानं जुनी व्हॅन घेतली होती. मे महिन्यात गावोगावचं दूध शीतकेंद्रावर पोचेपर्यंत नासायचं. व्हॅनला आतून फोम मारला आणि कॅनच्या मध्ये बर्फ ठेवला तर दूध टिकेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते बरोबर होतं. म्हणून मी मशीन आणि ड्रम घेऊन आलो होतो. व्हॅनच्या आतला लाकडी सांगाडा रशीदभाईंच्या बॉडी वर्कशॉपमध्ये बनत होता, आणि तो बनवत होता नामदेव खंडारे.

फोम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दोन ड्रम असतात. एकात काकवीसारखं तपकिरी, घट्ट केमिकल, दुसऱ्यात तेलासारखं पिवळट. दोन नळ्यांतून ती गनपर्यंत येतात, गनच्या तोंडाशी एकत्र होतात आणि हवेच्या दाबानं पत्र्यावर उडतात. पडतात तेव्हा पातळ असतात. मग डोळ्यांदेखत फुगतात, आणि थोड्या वेळात हातानं दाबलं तरी दबत नाही इतका घट्ट थर होतो. आत असंख्य बारीक बुडबुडे असतात. त्यांच्यातून उष्णता सहजी जात नाही. फोम स्वतः काहीच गार करत नाही. आतला गारवा बाहेर जायला उशीर करतो, एवढंच.

नामदेव याला फेस म्हणायचा. तो आसेगावचा. पन्नाशीचा, काटक, बोलायला मोकळा. लाकडी पट्ट्या ठोकता ठोकता मला प्रश्न विचारायचा. त्याचा एकुलता मुलगा मिलिंद फौजेत होता, काश्मीरकडे कुठंतरी बर्फात. हा फेस आतली ऊबही धरून ठेवतो का, असं त्यानं एकदा विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "मंग हे सोडा साहेब, पोराच्या तंबूले मारून द्या." आणि पुन्हा ठोकायला लागला. आमची ओळख जेमतेम आठवड्याची. पण जेवणाच्या सुट्टीत तो स्वतःच्या डब्यातली भाकर मोडून माझ्यापुढे ठेवायचा, आणि ती घेतली नाही तर त्याला राग यायचा.

निरोप गेला. आसेगावहून त्याची बायको गयाबाई आणि भाऊ किसन जीपनं आले. तोवर रशीदभाईंनी कुल्फीवाल्याकडून बर्फाच्या दोन लाद्या आणून गोणपाटात गुंडाळून अंगाशी लावल्या होत्या. गयाबाई आली, नवऱ्याच्या उशाशी बसली. रडली, पण थोडं. किसननं दिवस मावळायच्या आत माती करावी लागेल, असं हळू आवाजात काढलं. तिनं मान वर केली.

"मिलिंद येईस्तोर मी त्याइले नेऊ देत नाई," ती म्हणाली.

किसननं समजावलं. उन्हाचे दिवस, पोरगा कुठं, तार कधी पोचणार, रजा कधी भेटणार. तो बोलत होता ते सगळं खरं होतं. मला वाटलं, ती ऐकेल. ती म्हणाली, "बापाचं तोंड त्यानं पाह्यलं पायजे. नाई तं पोरगं जलमभर वाट पायत राईन."

रशीदभाईंनी मला बाजूला घेतलं. वर्कशॉप त्यांच्या वडलांपासूनचं. नामदेव त्यांच्याकडं तरुण असताना लागला होता, आणि दोघं एकमेकांना अरेतुरे करायचे. रशीदभाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मोरेसाहेब," ते म्हणाले, "तुमचा फेस दूध टिकवते. मंग माणूस काहून नाई टिकवणार?"

मी विचार करून उत्तर दिलं. बर्फ भरपूर असेल आणि सहाही बाजूंना फोम असेल तर टिकवेल. पण व्हॅनचं छत उघडं होतं. मे महिन्यात सगळ्यात जास्त ताप छतातूनच येतो. आधी छत करावं लागेल. आणि व्हॅन आमची नव्हती, दूध संघाची होती.

तेवढ्यात संघाचे चेअरमन बातमी ऐकून आलेच. नामदेवच्या पायांशी उभे राहिले, हात जोडले. वाईट माणूस नव्हता. रशीदभाईंनी व्हॅनचं विचारलं तेव्हा मात्र त्यांना घाम फुटला. ते म्हणाले, "दोन दिवसांनी याच गाडीतून दूध जायचं आहे. गावोगाव कळेल. मी काही म्हणत नाही रशीदभाई, लोक म्हणतील. त्यातून ते त्यांच्यातले..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुधाच्या गाडीत प्रेत ठेवायला कुणीही का-कू केलं असतं. त्यांच्या जागी असतो तर मीही केलं असतं. तेवढ्यावर ते थांबले असते तर कुणाला काही वाटलं नसतं. पण गयाबाई हाताच्या अंतरावर बसली होती, आणि तिनं ते शेवटचं अर्धं वाक्यही ऐकलं. तिनं पदर सारखा केला.

"नको त्याइची गाडी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

चेअरमन किसनकडे वळले. मिलिंदचं युनिट कुठलं ते त्याला विचारलं. नुसत्या घरच्या तारेवर फौजेत रजा मिळत नाही, पोलिसांनी किंवा तहसीलदारांनी खात्रीची तार करावी लागते. हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. त्यांना होतं. किसनला जीपमध्ये घालून ते आधी तहसीलात गेले, मग ठाण्यात. त्या संध्याकाळच्या आत दोन्ही तारा गेल्या. हेही सांगायला हवं.

वर्कशॉपच्या मागच्या अंगाला एक बंद ट्रेलर पडून होता. जीपमागे लावायचा, दोन चाकांचा, पत्र्याचा. पोहरादेवीच्या जत्रेत सिनेमा दाखवणारा एक टुरिंग टॉकीजवाला त्यातून मशीन आणि पडदा न्यायचा. तो धंदा बंद झाल्यावर ट्रेलर रशीदभाईंकडेच राहिला. मी तो आतून बाहेरून पाहिला. तळाला गंज, कोपऱ्यांत तेलकट काजळी, पण पत्रा सलग होता. छतासाठी ठेवलेलं केमिकल या सगळ्या ट्रेलरला पुरणार नव्हतं. मध्ये फळी ठोकून अर्धा भाग घेतला तर पुरलं असतं. एक माणूस निजेल आणि भोवती बर्फ बसेल, एवढा.

पण ते केमिकल कंपनीचं होतं आणि ज्या कामाला दिलं होतं ते काम वेगळं होतं. मी पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंककॉल बुक केला. ऑपरेटर म्हणाला, लाइन कधी मिळेल सांगता येत नाही. नंबर देऊन परत आलो आणि कामाला लागलो. कॉल लागेपर्यंत थांबलो असतो तर विचारण्यासारखं काही उरलंच नसतं.

फोमचं काम बाहेरून सोपं दिसतं. ते बिघडतं पत्र्यापाशी. पत्र्यावर तेल, गंज किंवा धूळ असेल तर फोम धरत नाही, थर नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून रशीदभाई आणि त्यांचे दोन कारागीर आत शिरले. तारेच्या ब्रशनं घासलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. पाण्याचा थेंब राहिला तरी चालत नाही. तपकिरी केमिकलला पाणी लागलं की ते भलतंच फुगतं आणि पोकळ होतं.

दुसरी अडचण उन्हाची. पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. तापलेल्या पत्र्यावर फोम घाईनं फुगतो, त्याला फोड येतात. मी एरवी मे महिन्यात सकाळी कोवळ्या उन्हात फवारायचो. आता सकाळची वाट पाहणं शक्य नव्हतं. ट्रेलर लिंबाच्या सावलीत ओढला. बाहेरून ओली गोणपाटं टाकली आणि त्यांच्यावर पाणी मारत राहिलो. बाहेर पाणी, आत टिपूसही नाही. हात लावून लावून बघत होतो. पत्रा कोमट झाला तेव्हा गन उचलली.

त्याआधी एक काम केलं होतं. तळाच्या एका कोपऱ्यात भोक पाडून नळीचा तुकडा बसवला होता. बर्फ वितळणार, पाणी साचणार, त्याला बाहेर जायला वाट हवी. फोम मारल्यावर भोक पाडता येतं, पण मग पाणी थरात मुरतं.

मास्क एकच होता. त्या वाफा छातीला वाईट असतात, म्हणून आत मी एकटाच गेलो. एकदम जाड थर मारायचा मोह होतो. मारायचा नाही. फुगताना फोम आतून तापतो, जाड थराचा गाभा करपतो, क्वचित पेटतोही. पातळ थर मारायचा, बाहेर यायचं, तो शांत होऊ द्यायचा, मग पुढचा. प्रत्येक वेळी बाहेर आलो की गयाबाई तिथंच दिसायची. तिनं मला एकदाही विचारलं नाही की किती वेळ.

मधली फळी मी फवारायच्या आधीच मोजून मागितली होती. रशीदभाईंनी आणली ती नवी, गुळगुळीत रंधलेली होती. व्हॅनच्या छताला आतून लावायला नामदेवनंच ती सकाळी तयार करून ठेवली होती. रशीदभाई ती ठोकायला बसले आणि दोन खिळे मारून थांबले. हातोडी दुसऱ्या कारागिराकडं दिली आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

सगळं झाल्यावर दारं सताड उघडी ठेवून वास जाऊ दिला. तोवर वाशीमच्या कारखान्यातून ट्रकनं बर्फ आला होता, लाकडाच्या भुशात पुरलेला. खाली लाद्या, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर नामदेव. बाजूंनी पुन्हा लाद्या. घरच्यांनी त्याला पांढरे कपडे घातले होते. दार लावलं, फटीत फोमचे तुकडे कोंबले. दिवस मावळायच्या आत रशीदभाईंची जीप ट्रेलर घेऊन आसेगावला निघाली. मीही गेलो. मी बनवलेली वस्तू चालते की नाही हे बघायचं होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ट्रेलर घरासमोरच्या मोठ्या झाडाखाली उभा केला. दुसऱ्या दिवशी माणसं यायला लागली. शेजारच्या गावांतून, कामरगावकडून नातेवाईक आले. ज्याला त्याला दार उघडून बघायचं होतं. मी नको म्हटलं. दर वेळी दार उघडलं की आतला गार वारा खाली सांडतो आणि गरम वारा शिरतो. काही लोक रागावले. परका माणूस आमच्या मयताला कुलूप लावून बसलाय, असंही एकानं ऐकवलं. किसननं त्याला आवरलं.

गयाबाई रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं की मग आत सगळं ठीक आहे हे कळायचं कसं. मी तिला नळीपाशी नेलं. नळीतून पाणी थेंब थेंब पडत होतं. थेंब असे सावकाश पडतायत तोवर बर्फ शाबूत आहे, म्हणालो. धार लागली तर मला हाक मारायची.

"मंग मी अठीच बसतो," ती म्हणाली.

आणि बसली. मधेच तिनं पत्र्यावर तळवा ठेवला. थोड्या वेळानं माझ्याकडं बघितलं.

"गरमच लागून राह्यलं."

मी म्हटलं, बाहेरून गरम लागायलाच पाहिजे. बाहेरून गार लागलं असतं तर आतलं निसटत असतं. तिनं ते मनात नीट लावून घेतलं. मान हलवली. तळवा मात्र काढला नाही.

दुपारी मी मंगरूळला परत गेलो. पोस्टात वाट बघत बसलो, तेव्हा कॉल लागला. साहेबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे क्लायंटचं मटेरियल संपलं," साहेब म्हणाले.

"हो सर."

"वेस्टेज दाखव."

"वेस्टेज नाही सर. वापरलं."

फोन ठेवला गेला. व्हॅनसाठी नवे ड्रम पाठवतो की नाही, ते साहेब बोललेच नाहीत.

त्या दिवशी आणि पुढेही आणखी बर्फ लागला. वाशीमला तो मिळणं अवघड झालं होतं. लग्नसराई होती, रसवंत्या होत्या, कारखाना आमच्यासाठी थांबला नव्हता. ज्या ट्रकनं बर्फ आला तो संघाचा होता हे मला नंतर कळलं. चेअरमननी शीतकेंद्राच्या वाट्यातल्या लाद्या दिल्या होत्या. स्वतः ते आसेगावला आले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारच्या एसटीतून मिलिंद उतरला. अंगात वर्दी, खांद्यावर होल्डॉल. रेल्वेनं अकोला, तिथून एसटी. डोळे लाल होते, झोप नव्हती. घरी पोचू तेव्हा राख असेल, असं धरून तो निघाला होता. झाडाखाली ट्रेलर पाहून त्याला काही समजलं नाही. गयाबाई उठली. त्याला जवळ घेतलं नाही, हाताला धरून दारापाशी आणलं.

"उघडा साहेब," ती मला म्हणाली.

मी फटीतले तुकडे काढले आणि दार उघडलं. आतून गार हवा पायांवर आली. नामदेव होता तसाच होता. चेहरा थोडा निळसर, ओठ मिटलेले. भुवईच्या केसांत लाकडाचा बारीक भुसा अडकला होता, घरच्यांनी धुतलं तरी राहिला असावा, की बर्फाबरोबरचा होता, सांगता येत नाही. मिलिंद वाकला आणि तो भुसा त्यानं बोटानं काढला. मग बापाच्या कपाळावर हात ठेवून तसाच उभा राहिला. वर्दीतला माणूस, आवाज नाही, फक्त पाठ हलत होती.

बायांनी तोवर धरून ठेवलेलं रडणं तेव्हा सुटलं. गयाबाईही तेव्हाच रडली. पहिल्या दिवशी रडली ते काहीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ओढ्याकाठी नामदेवला अग्नी दिला. सगळ्यांनी त्रिसरण, पंचशील म्हटलं. रशीदभाई मागे हात बांधून उभे होते. परतताना मिलिंद माझ्याबरोबर चालला. फोमबद्दल, केमिकलबद्दल त्यानं काही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी बाबा काय बोलले, एवढंच विचारलं. मला आठवलं ते सांगितलं. फारसं नव्हतं. सकाळी नामदेव म्हणाला होता की छताच्या फळ्या चांगल्या बसल्या पाहिजेत, नाही तर गाडी हलली की कुरकुरतात. मिलिंदनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

नवे ड्रम आले, पण उशिरा. व्हॅनचं छत मी पूर्ण केलं तेव्हा उन्हाळ्याचे थोडेच दिवस राहिले होते. चेअरमननी काम तपासून घेतलं. ट्रेलरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मुंबईला गेल्यावर मला साइटवरून काढून गोडाऊनवर बसवलं. वर्षभर मी ड्रम आत घेत होतो आणि बाहेर पाठवत होतो. तक्रार केली नाही. साहेबांच्या जागी ते बरोबरच होते, मटेरियल माझं नव्हतं.

काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो तेव्हा रशीदभाईंना भेटलो. ट्रेलरबद्दल विचारलं. तो वर्कशॉपमध्ये नव्हता. कामरगावला गेला होता, एका हेडमास्तरांसाठी, ज्यांची मुलगी लांबून यायची होती. त्याआधी जत्रेत एक म्हातारी गेली, तिचं गाव दूर, तेव्हा तोच ट्रेलर पोहरादेवीला गेला होता. उन्हाळ्यात कुठून ना कुठून माणूस येतो आणि जीप जोडून घेऊन जातो, रशीदभाई म्हणाले. मी विचारलं, आधी त्यात कोण कोण होतं, हे लोक विचारतात का.

"नाई," ते म्हणाले. "आजपर्यंत कोणंच नाई विचारलं."

पुढं मी आइस्क्रीमच्या, मासळीच्या, औषधांच्या खूप गाड्या फवारल्या. नवीन क्लायंट नेहमी आधी आत काय ठेवणार ते सांगतो. ते मी लिहून घेतो. पण थर किती जाड मारायचा, ते त्यावर ठरत नाही. गाडीला किती वेळ थांबावं लागणार आहे, त्यावर ठरतं. म्हणून आधी ते विचारून घ्यावं.